तासाची घंटा म्हणून फायर अलार्मचा हूटर वाजवावा का?

वेळापत्रक_विभाग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. शाळा नागपुरातली. तळमजला आणि वर दोन मजले, २४ वर्ग, दोन पाळ्या. ऑफिसशेजारी आठ झोनचं (झोन म्हणजे इमारतीचा एकेक भाग) साधं कन्व्हेन्शनल फायर पॅनेल आहे, १२ हूटर आणि १० एमसीपी (आग दिसली की हातानं दाबायची भिंतीवरची अलार्मची बटणं). पूर्वी व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडायचे. नवी विंग झाली, वर्गांत कूलर आले आणि तो आवाज मागच्या वर्गांना ऐकू येईनासा झाला. व्यवस्थापनाचं म्हणणं पडलं की हूटर सगळीकडे लागलेच आहेत, तेच वाजवा.

सध्याची रीत अशी: शिपाई ऑफिससमोरच्या एमसीपीत टेस्ट किल्ली फिरवतो, आठेक सेकंद हूटर वाजतो, मग किल्ली परत फिरवून पॅनेलवर सायलेन्स आणि रिसेट. दोन्ही पाळ्या धरून दिवसाला २० वेळा.

होऊन काय राहिलं की मॉकड्रिलला हूटर लावला तर पोरांचा हात पहिल्यांदा दप्तराकडे जातो. वरच्या वर्गातले घड्याळ पाहतात आणि ‘आज लवकर सुटली’ म्हणतात. शिवाय पॅनेलवर पिवळा फॉल्टचा दिवा अधूनमधून लागतो आणि त्या एमसीपीची किल्ली आता ढिली फिरते.

विचारायचं ते एवढंच: हे नियमात बसतं का? हेच हूटर दुसऱ्या कुठल्या रीतीनं वापरता येतील का? वेगळी घंटा करायची तर काय काय लागेल? आणि पोरं एमसीपी दाबतात म्हणून बाकीचे नऊ कुलपात ठेवले तर चालेल का?

अग्निलेखा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तिथंच जीव अडकतो. एमसीपी कुलपात ठेवायचे नाहीत. शिकागोच्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेला १ डिसेंबर १९५८ ला आग लागली, त्यात ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या. त्या इमारतीत अलार्मची बटणं दोनच होती आणि त्यांच्यावर खूणही नव्हती. नऊ कुलपात टाकले तर तुमच्याकडे एकच उरेल, आणि तोही शिपायानं रोज फिरवून झिजवलेला. पोरं दाबतात त्याला उपाय म्हणजे वर उचलायचं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण. उचललं की स्वतःच किणकिणणारी झाकणंही मिळतात. खोडकर पोरगं त्या आवाजानंच मागं सरतं, आणि खरी गरज असली तर कुणी अडत नाही.

आता नियमाचं. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे. त्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म ‘बी’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन जानेवारीत आणि जुलैत, म्हणजे वर्षातून दोनदा द्यावं लागतं. आपल्याकडे ते महापालिकेच्या अग्निशमन विभागात जातं. त्यावर सही करणाऱ्यानं पॅनेलचा लॉग उघडला आणि दिवसाला २० फायर, २० रिसेट दिसले, तर तो सही करताना दहा वेळा विचार करील. करायलाच पाहिजे. शाळांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये, तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेला २००४ मध्ये लागलेल्या आगीनंतर चाललेल्या याचिकेत, अग्निसुरक्षेचे निर्देश दिलेले आहेत. तो निकाल कपाटात ठेवून कुणाची सुटका होत नाही.

परदेशात हे सरसकट निषिद्ध नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या जीवसुरक्षा संहितेत फायर अलार्मची यंत्रणा तास बदलायला वापरायची मुभा आहे. अटी दोन: आगीचा संकेत ऐकताक्षणी वेगळा ओळखू आला पाहिजे आणि तो बाकी सगळ्या वापरांना दाबून वर आला पाहिजे. ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच पॅनेलांवर ‘क्लास चेंज’ नावाचं वेगळं टर्मिनलच असतं. तिथला काँटॅक्ट जुळला तेवढा वेळ हूटर वाजतात, पण पॅनेल फायरमध्ये जात नाही. तुमच्याकडे आत्ता चाललंय ते या दोन्हींत बसत नाही. आवाज तोच, आणि प्रत्येक तासाला पॅनेल खरोखर ‘आग’ म्हणतंय. पोरांना दोष नको, त्यांनी शिकवलेला धडा बरोबर पाठ केला आहे.

चोवीस_व्होल्ट

वायरिंगच्या बाजूनं लिहितो.

लोकांना पहिली भीती बॅटरीची वाटते. ती खोटी आहे. साधा हूटर २४ व्होल्टवर ४० मिलीअँपिअर धरा, १२ झाले की ४८०. दिवसाला २० वेळा ८ सेकंद म्हणजे १६० सेकंद. सगळं मिळून २१ मिलीअँपिअर-तास. पॅनेलात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन एसएमएफ (सीलबंद, पाणी न घालायच्या) बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात, आणि दिवसा मेन्स चालूच असते. म्हणजे हा खर्च नगण्य. बॅटरीला मारतो तो आपला मे महिना. एसएमएफ बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, आणि पॅनेल जिन्याखालच्या बंद खोलीत असेल तर तिथं काय तापमान असतं ते तुम्हीच पाहा. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा.

खरं दुखणं तीन ठिकाणी.

एक, एमसीपी. त्याच्या आतला मायक्रोस्विच कधीतरी दाबायला केलेला असतो. दिवसाला २० म्हणजे वर्षाला, २२० शाळेचे दिवस धरले तर, ४४०० वेळा. टेस्ट किल्लीचा प्लास्टिकचा कॅम त्याआधीच गोल होतो. मग किल्ली परत फिरवली तरी काच पूर्ण मागं जात नाही, स्विच अर्धवट दाबलेला राहतो आणि पॅनेल रिसेट होत नाही. अशा वेळी कंटाळलेला माणूस तो झोनच आयसोलेट करतो, म्हणजे पॅनेलवरून बंद करून टाकतो. झोन आयसोलेट म्हणजे त्या मजल्याचे डिटेक्टरही गेले. तो दिवा पिवळाच असतो, त्यामुळे ‘फॉल्ट असेल काहीतरी’ म्हणून सगळे पुढे जातात. तुमचा पिवळा दिवा नेमका कोणता, फॉल्टचा की आयसोलेटचा, ते आज जाऊन वाचा.

दोन, सायलेन्स. बऱ्याच साध्या पॅनेलांत सायलेन्स दाबून रिसेट विसरलं तर त्याच झोनमध्ये खरी आग लागली तरी हूटर पुन्हा उठत नाही, कारण पॅनेलच्या लेखी तो झोन आधीच फायरमध्ये आहे. दिवसाला २० वेळा दोन बटणं ओळीनं दाबायची, तर एकविसाव्या वेळी विसरणारच. माणूस आहे.

तीन, कुणीतरी हुशारी करून हूटरच्या लाइनीला बाहेरून २४ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर आणि बेलचं बटण जोडतो. हे करू नका. हूटरची लाइन शांत असतानाही पॅनेल तिच्यात उलट्या पोलॅरिटीनं थोडा करंट सोडून लाइनीच्या टोकाचा ईओएल (एंड ऑफ लाइन) रेझिस्टर तपासत असतं. हूटरमधल्या डायोडमुळे तो करंट हूटरमधून जात नाही, फक्त रेझिस्टरमधून जातो. तार तुटली की फॉल्ट येतो तो याच कारणानं. बाहेरचा सप्लाय समांतर जोडला की तो पॅनेलच्या आउटपुटमध्ये उलटा शिरतो. नशीब असेल तर फॉल्ट, नसेल तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळतो. हूटर मग अ‍ॅडाप्टरवर झकास वाजतात आणि आगीच्या वेळी गप्प बसतात.

हेच हूटर वापरायचेच असतील आणि पॅनेलला क्लास चेंजचं टर्मिनल नसेल, तर एकच जोडणी जराशी बरी म्हणता येईल. पॅनेलशेजारी दोन-पोल चेंजओव्हर रिले. कॉमनवर हूटरची लाइन, एनसीवर (एरवी जुळलेला काँटॅक्ट) पॅनेलचं आउटपुट, एनओवर (एरवी सुटा काँटॅक्ट) घंटेचा वेगळा २४ व्होल्ट सप्लाय. रिलेच्या कॉइलचा पुरवठा पॅनेलच्या कॉमन फायर रिलेच्या एनसी काँटॅक्टमधून न्यायचा. म्हणजे आग आली की कॉइल मरते आणि लाइन आपोआप पॅनेलकडे परत येते. तरी घंटा वाजते तेवढे सेकंद पॅनेल लाइन तुटल्याचा फॉल्ट दाखवणार. आणि रिलेचे काँटॅक्ट चिकटले तर हूटर घंटेच्या बाजूलाच अडकून राहतात. तेव्हा सांगणारा फक्त तोच पिवळा दिवा, आणि तो बघायची सवय तर मोडलेली. माझं मत विचाराल तर एका रिलेवर भागवण्यासाठी एवढी जोखीम नको.

आणखी एक तपासा. नव्या विंगेत हूटर वाढवणार असाल तर पॅनेलच्या हूटर आउटपुटची मर्यादा वाचा, लहान पॅनेलांत ५०० मिलीअँपिअर असणं काही नवल नाही. १२ हूटरांना ४८० लागतात. अजून सहा लावले तर ७२०. मग आउटपुटचा फ्यूज पडतो आणि बाराही गप्प. वायरचंही बघा. १.५ चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. १२० मीटर लांबीची लाइन म्हणजे जाऊन-येऊन २४० मीटर, २.९ ओहम, सगळा भार टोकाला धरला तरी १.४ व्होल्ट पडतात, चालतं. तेच काम कुणी ०.५ ची बेल वायर ओढून केलं असेल तर साडेचार व्होल्ट पडतात. उतरलेली बॅटरी २१ वर असली की शेवटच्या हूटरला साडेसोळा मिळतात आणि तो कुंथतो.

उलट_बाजू

दोघांचंही पटलं, पण एक गोष्ट निसटून राहिली. रोज वाजणाऱ्या हूटरमध्ये कोणता बंद पडला ते त्याच दिवशी कळतं. नववी ‘ब’ म्हणते, सर, आमच्याकडे घंटाच झाली नाही. वेगळं केलं की फायरचे हूटर सहा-सहा महिने वाजत नाहीत. धूळ, पाल, कोळ्याचं जाळं, आणि कळतं केव्हा, तर नको तेव्हा. याचं काय?

अग्निलेखा

मुद्दा खरा आहे, ब्रिटनमध्ये दर आठवड्याला एका एमसीपीवरून चाचणी घ्यायची पद्धत आहे ती त्यासाठीच. तुम्हीही तेच करा. शनिवारी सकाळी ठरलेल्या वेळी एक एमसीपी, दर आठवड्याला वेगळा. दहा एमसीपी दहा आठवड्यांत फिरून होतात. प्रत्येक मजल्यावर एक माणूस उभा करा, कोणता हूटर वाजला नाही ते रजिस्टरमध्ये झोनसकट लिहा. आठवड्याला एकदा आणि आधी सांगून वाजलेला हूटर पोरांच्या कानाला मुरत नाही.

आवाज मोजायचा तर कूलर आणि पंखे चालू, दार बंद, मीटर मागच्या बाकावर. फायर अलार्मच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस २१८९ प्रमाणे, ६५ डेसिबल किंवा आसपासच्या टिकून राहणाऱ्या आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त, यातलं जे मोठं असेल ते मिळायला हवं. हूटरवर ‘१ मीटरवर ९५ डेसिबल’ लिहिलेलं वाचून खूश होऊ नका. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी, म्हणजे मोकळ्या जागेत १६ मीटरवर ७१ उरतात, बंद दाराआड साधारण २० आणखी गेले. कूलरच्या घरघरीत ५१ डेसिबल म्हणजे काहीच नाही. तेव्हा बंद दारामागच्या वर्गांसाठी हूटर वाढवावे लागतील, आणि त्यासाठी वर लिहिलेला करंटचा हिशेब आधी मांडा.

खडू_डस्टर

घंटेची बाजू कुणीच नीट घेतली नाही, म्हणून मी घेतो.

आवाजाची जातच वेगळी हवी. हूटर किंचाळतो, घंटा घणघणते. त्यामुळे तासासाठी २३० व्होल्टची इलेक्ट्रिक गाँग बेल, ९ इंची. तुमच्या इमारतीला मजल्यागणिक दोन, मैदानाकडे एक, एकूण सात. कूलरची घरघर खालच्या पट्टीतली असते, तिच्यावरून धातूचा टोला सहज उठतो. बेल वर्गाच्या दाराच्या अगदी वर लावू नका, खालच्या बाकावरच्या पोराचं आणि शिकवणाऱ्याचं दोघांचंही डोकं उठतं. व्हरांड्याच्या मध्याला, साडेआठ-नऊ फुटांवर.

वायरिंग: स्वतंत्र ६ अँपिअर एमसीबी, १.५ ची एफआर वायर, स्वतंत्र पाइप. फायरच्या केबलच्या पाइपात २३० व्होल्ट घालायचे नाहीत, मग ती कितीही सोयीची वाट असो. टायमरचा रिले सगळ्या बेला थेट ओढत असेल तर काँटॅक्ट ठिणगीनं काळे पडतात, म्हणून मध्ये छोटा कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा रिले) किंवा निदान प्रत्येक बेलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी). कपॅसिटर एक्स२ दर्जाचाच, म्हणजे थेट मेन्सवर लावायचाच घ्या.

टायमर घेताना दुकानदाराला एकच विचारा: आत घड्याळाची चिप कोणती? डीएस१३०७ असेल तर साध्या क्रिस्टलवर दिवसाला दीड-दोन सेकंद सरकते, महिन्याला मिनिटभर. दिवाळीपर्यंत शाळेची घंटा आणि मुख्याध्यापक सरांचं घड्याळ यांची भांडणं सुरू. डीएस३२३१ वर्षाला साधारण मिनिटभरच सरकते. फरक थोड्या रुपयांचा आहे.

कार्यक्रम किमान चार साठवता आले पाहिजेत: नेहमीचा, शनिवारचा अर्धा दिवस, उन्हाळ्यातली सकाळची शाळा आणि परीक्षा. आपल्याकडे मार्च उजाडला की सकाळच्या शाळेचं पत्रक येतं आणि विदर्भातल्या शाळा उघडतातही उशिरा, जूनच्या शेवटी. एकच कार्यक्रम असलेला टायमर मग रिकाम्या इमारतीत घणघणत बसतो. बोर्डाचं केंद्र असेल तर त्या दिवसांत टायमर पूर्ण मॅन्युअलवर. परीक्षेच्या घंटा केंद्रसंचालकाच्या घड्याळावर हातानंच पडू द्या.

टोल्यांची भाषा आधीपासून होती तीच ठेवा. तास बदलला तर एक घणघणाट ४ सेकंद. मधली सुटी दोनदा, ३ सेकंद वाजवून २ सेकंद थांबून पुन्हा ३. शाळा सुटली तर एक लांब, पण ८ सेकंदांच्या वर नको. त्याच्या पुढेही चालूच राहणारा आवाज फक्त आगीचा, हे पोरांच्या कानाला कळलं पाहिजे. पॅनेलला सोय असेल तर हूटरची चालही आयएसओ ८२०१ प्रमाणे करून घ्या: अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तीन आवाज, दोन आवाजांच्या मध्ये अर्धा सेकंद थांबणं, तिसऱ्यानंतर दीड सेकंद शांत, आणि परत. तीन-तीनचा हा ताल पहिलीतलं पोरही टाळी वाजवून म्हणून दाखवतं, शिकवायला सोपा.

रुळाचा तुकडा काढू नका. वीज गेली की गाँग बेल मुकी होते. तुकडा, हातोडी आणि शिपाई हे तीन बॅकअप कोणत्याही लोडशेडिंगला पुरून उरतात.

वेळापत्रक_विभाग

सगळ्यांचे आभार. पिवळा दिवा आयसोलेटचाच निघाला, झोन ३, म्हणजे प्रयोगशाळेचा मजला. तो आत्ताच सोडवून घेतला. गाँग बेलचं कोटेशन मागवतो. दोन शंका: तो झिजलेला एमसीपी दुरुस्त होतो का? आणि बेला लागेपर्यंतचे दोन-तीन आठवडे काय करायचं?

चोवीस_व्होल्ट

एमसीपी दुरुस्त करू नका, बदला. जुना काढताना आतला रेझिस्टर बघून घ्या. बहुतेक कन्व्हेन्शनल पॅनेलांत एमसीपी दाबल्यावर झोनवर ठरावीक रेझिस्टर येतो, ४७० किंवा ६८० ओहम वगैरे, पॅनेलच्या मॅन्युअलात लिहिलेलं असतं. नव्यात तो नसेल आणि काँटॅक्ट थेट जुळत असेल तर काही पॅनेल त्याला शॉर्ट समजून फायरऐवजी फॉल्ट देतात. बदलल्यावर दाबून पाहा, लाल दिवा आला तरच स्क्रू घट्ट करा. तो एमसीपी झोनच्या शेवटी असेल तर ईओएल तिथंच बसवलेला असतो, जुन्याबरोबर भंगारात जाऊ देऊ नका. प्रयोगशाळेच्या मजल्यावरचे डिटेक्टरही एकेक करून स्मोक स्प्रेनं तपासा, झोन किती दिवस बंद होता कुणास ठाऊक.

खडू_डस्टर

तोवर रुळाचा तुकडाच. मागच्या विंगेसाठी दुसरा तुकडा टांगा, भंगारबाजारात दोन फुटांचा सहज मिळतो. भोक पाडून साखळीला लटकवा. दोरीला नको, दोरी आवाज खाते आणि पावसाळ्यात तुटते. पुढचा टोला ऐकून मागच्यानं टोला द्यायचा.

अग्निलेखा

आणि ज्या दिवशी हूटर तासासाठी बंद कराल त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी दोन्ही आवाज ओळीनं ऐकवा. आधी घंटा, मग हूटर. हूटर वाजला की दप्तर जागेवर, पाण्याची बाटलीसुद्धा जागेवर, रांग, मैदान. आधी सांगून एक मॉकड्रिल पहिल्या आठवड्यात, न सांगता दुसरी महिनाभरानं. दुसऱ्या ड्रिलला प्रत्येक मजल्यावर एक निरीक्षक ठेवा आणि त्यानं किती पोरांचा हात दप्तराकडे गेला ते मोजावं. तो आकडा शून्यावर आला की जुनी सवय मोडली.

ड्रिलच्या आधी टायमर बंद करायला विसरू नका. नाहीतर पोरं मैदानात रांगेत उभी असताना ११ वाजून ३५ मिनिटांची घंटा होते आणि पहिली ‘अ’ शहाण्यासारखी परत वर्गात निघते.